बुलदानचा आवाज

मिनीबस चढ चढून चौकात थांबली, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि मला माग ऐकू आला.

एकच होता. कुठल्यातरी घराच्या तळमजल्यावर चालला होता. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे जाऊन आपटतो तो आवाज मी कुठंही ओळखेन, कारण त्या आवाजातच झोपून मी मोठी झाले. सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या घरात खाली चार यंत्रमाग होते आणि वर आम्ही सहाजण. रात्री लाइट गेली की माग थांबायचे आणि गाढ झोपलेली आम्ही पोरं उठून बसायचो. शांततेनं जाग यायची. लग्नानंतर नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याला ते पटलं नव्हतं. तो पंढरपूरचा, त्याच्या लहानपणी टाळ-मृदंग. तुर्कस्तानातल्या त्या डोंगरउतारावर मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "अहो, ऐका की. माग चाललाय."

बुलदान आमच्या यादीत नव्हतंच. सोलापुरातून आम्ही अकराजण गेलो होतो, इस्तंबूल, कापादोकिया, पामुक्काले असा नेहमीचा दौरा. इस्तंबूल सुंदर आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पामुक्कालेच्या पांढऱ्या पायऱ्या फोटोत दिसतात तशाच आहेत. अनवाणी चालावं लागतं, पायाखालून कोमट पाणी वाहत असतं. तिथल्या गाइडनं नावाचा अर्थ सांगितला तेव्हा माझे कान टवकारले. पामुक म्हणजे कापूस, काले म्हणजे किल्ला. कापसाचा किल्ला!

तिथून जवळचं मोठं शहर देनिझ्ली. संध्याकाळी बाजारात फिरायला गेलो तर दुकानंच्या दुकानं टॉवेलची. आता मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, गेली सोळा वर्षं. आमच्याकडं टेरी टॉवेलला, म्हणजे सुताचे बारीक फासे, लूप, असलेल्या टॉवेलला, अजूनही जुनी माणसं 'टर्किश' म्हणतात. "टर्किश किती डझन?" असं विचारतात. हे नाव उगाच पडलेलं नाही. लूपचं कापड उस्मानी कारागीर हातानं विणत होते. १८५० च्या सुमारास हेन्री क्रिस्टी नावाच्या इंग्रजानं ते तिथं पाहिलं, नमुना मायदेशी नेला, तिकडं ते यंत्रावर विणायची युक्ती निघाली आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात तो टॉवेल मांडला गेला. पुढं तो जगभर गेला. आमच्या सोलापुरात तर असा रुजला, की चादरीच्या जोडीनं टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या वस्तूच्या बिलांवर माझं घर चालतं तिच्या मूळ देशात मी उभी होते. एका दुकानात टॉवेल उलटून मी लूप बघायला लागले, कडेची शिवण बघितली, सवयीनं नखानं एक लूप ओढून पाहिला. दुकानदार हसला. फोनवर भाषांतर करून त्यानं विचारलं, "तुम्ही या धंद्यातल्या?" मग म्हणाला, "मग बुलदानला जा. ४५ किलोमीटर आहे. बसस्थानकावरून मिनीबस मिळते."

दुसरा दिवस मोकळा होता. बाकीचे गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेले, आम्ही दोघं मिनीबसमध्ये बसलो. रस्ता आधी मेंदेरेस नदीच्या सपाट खोऱ्यातून जातो. ऑक्टोबर होता, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. नदी इतकी वळणं घेत जाते की इंग्रजीतला वळणासाठीचा 'मिअँडर' हा शब्द या नदीच्याच नावावरून आला. मग गाडी डोंगराला लागते आणि वर बुलदान दिसतं. लाल कौलं, दोन-तीन मिनार, मागं हिरवा डोंगर. तालुका धरूनसुद्धा लोकसंख्या तीस हजारांच्या आत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या दोन-तीन पेठांएवढं गाव.

आवाजाच्या मागं मागं गेलो. गल्ल्या चढाच्या, दगडी. घरं जुनी, खाली दगड, वर लाकूड आणि कच्ची वीट, वरच्या मजल्यावरची खोली रस्त्यावर पुढं आलेली. कुठं रंग दिलेला, कुठं भिंत फुगलेली. दाराशी डाळिंबाचं झाड. डाळिंबाला ते 'नार' म्हणतात. त्या एका घराचं खालचं दार उघडं होतं आणि आत एक म्हातारे गृहस्थ यंत्रमागावर वाकलेले. काळा, तेलकट, धोट्याचा जुना माग. आमच्या नानांच्या, माझ्या वडिलांच्या, मागासारखाच. पट्टा, धोटा फेकणारा पिकिंगचा दांडा, तुटलेल्या तारा बांधायला कानामागं अडकवलेला सुताचा झुपका. नानासुद्धा तसाच अडकवायचे.

मी उंबऱ्यात थांबले. आत जावं की नाही कळेना. तेवढ्यात मागून एक बाई पिशवी घेऊन गेल्या, दाराशी क्षणभर थांबल्या, आत बघून म्हणाल्या, "कोलाय गेल्सिन," आणि पुढं निघून गेल्या. म्हाताऱ्यांनी मान न उचलता उत्तर दिलं.

या दोन शब्दांचा अर्थ मला संध्याकाळी कळला. 'सोपं होऊन येवो.' काम करणाऱ्या माणसाच्या जवळून जाताना हे म्हणायचं असतं. झाडणारा असो, गवंडी असो, विणकर असो, हिशेब लिहिणारी असो. ओळख असायची गरज नाही. मी हे ऐकलं आणि आमच्या पेठेतली दुपार आठवली. चाळीस अंशांच्या वर ऊन, पत्र्याखाली मागाची खोली, नानांची बनियन पाठीला चिकटलेली, आणि रस्त्यावरून जाणारा माणूस नाक आणि कान एकदमच झाकल्यासारखा पुढं जायचा. आवाज फार होतो म्हणून शेजारच्या नव्या इमारतीतले लोक तक्रार करायचे. नानांना त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामात कुणी दारात थांबून 'सोपं जावो' म्हटल्याचं मला आठवत नाही. आम्ही घरातल्यांनीही म्हटलं नाही.

म्हाताऱ्यांनी माग थांबवला, कारण मी दारात रडत होते. त्यांना वाटलं काही दुखतंय. खुर्ची दिली, चहा मागवला. बारीक कमरेचा काचेचा पेला, दुधाविना लाल चहा, बाजूला साखरेचे दोन खडे. नवऱ्यानं फोनवर टाइप केलं, 'हिचे वडील विणकर आहेत, हिंदुस्थानात.' ते वाचून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काही न बोलता धोटा काढून माझ्या हातात दिला. मी त्यातली सूत गुंडाळलेली कांडी काढली, सुताचं टोक धोट्याच्या डोळ्यातून ओढून घेतलं आणि कांडी परत बसवली. सहाव्या वर्षापासून मी अम्माबरोबर कांड्या भरत होते, हात विसरले नव्हते. ते पाहून ते एकच शब्द बोलले, "उस्ता." आपल्याकडं वस्ताद म्हणतात तोच शब्द. त्या दिवसापासून मी त्यांना उस्ता म्हणते आणि त्यांच्या बायकोला तेयझे, म्हणजे मावशी.

रात्री हॉटेलवर मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, मला तिथं परत जायचंय. राहायला." तो म्हणाला, "जा की. मी चार दिवस जास्तीची तिकिटं बघतो." त्याचं हे मी विसरणार नाही. बाकीचे परत निघाले, आम्ही बुलदानमध्ये एका जुन्या घरात खोली घेतली. सकाळी सातला खिडकीखाली माग सुरू व्हायचा आणि मी उठायच्या ऐवजी आणखी गाढ झोपायची.

बुलदानचं नाव ज्या कापडासाठी आहे ते टॉवेलचं कापड नाही. त्याला बुलदान बेझी म्हणतात, बेझ म्हणजे साधं सुती कापड. गंमत सुताच्या पिळात आहे. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पीळ दिलेलं सूत वापरतात. मागावर ताणलेलं असतं तोवर कापड सरळ, सपाट, काहीच विशेष न वाटणारं. मागावरून उतरवून पाण्यात टाकलं की पीळ उलटा फिरायला बघतो, सूत गोळा होतं, कापड आक्रसतं आणि सगळीकडं बारीक सुरकुत्या पडतात. त्या कायमच्या. इस्त्री करायची नाही. अंगाला चिकटत नाही, घाम शोषतं, दोरीवर टाकलं की बघता बघता वाळतं. आमच्या टॉवेलची युक्ती वेगळी. तिथं उभ्या तारा गुंडाळलेले दोन रूळ, बीम, असतात, एक ताठ, एक सैल. आडवे दोन धागे फणी थोडे अलीकडंच थांबवते आणि तिसऱ्याला तिन्ही एकदम ठोकते, मग सैल तारांचे लूप उभे राहतात. म्हणजे आम्ही ताण सोडून कापड फुगवतो आणि ते पीळ वाढवून आक्रसवतात. दोन्हीकडं खेळ सुताच्या स्वभावाचा. हे मी उस्तांना हातवारे करून सांगितलं, कागदावर फणी आणि बीम काढून दाखवले. तासभर आम्ही दोघं त्या कागदावर होतो. बोलायला सामायिक भाषा नव्हती आणि अडलं मात्र कुठंच नाही.

शब्दही निघत गेले. कागदाला ते क्याअत म्हणतात. दुकान दुक्कान, मैदान मेयदान, साबण साबून, पडदा पेर्दे, शाल शालच. विणकराला जुना शब्द चुल्हा, आपल्याकडच्या जुलाह्याचा भाऊ, दोघं फारसीतून आलेले. आणि ज्या शब्दावर मी उडालेच तो म्हणजे चारशाफ. पलंगपोसाला ते चारशाफ म्हणतात, आणि तो मूळ फारसी 'चादर-शब' आहे, रात्रीची चादर. सोलापूरच्या माणसाला दुसऱ्या देशात जाऊन चादर सापडावी, याहून काय पाहिजे!

तेयझे सकाळी तारहानाचं सूप द्यायच्या. दही, पीठ आणि भाज्या आंबवून, उन्हात वाळवून ठेवतात आणि लागेल तसं शिजवतात. पहिल्या घोटाला मला आमची ज्वारीची आंबील आठवली, तोच आंबूसपणा, पोटात उतरणारी तीच ऊब. युफ्का नावाची पातळ पोळी ढिगानं भाजून वाळवून ठेवलेली असते, खायच्या वेळी पाण्याचा हबका मारून मऊ करतात. मी त्यांना फोनवर आमच्या कडक भाकरीच्या चवडीचा फोटो दाखवला. त्या तो फोटो शेजारणीला दाखवायला घेऊन गेल्या. संध्याकाळी लेब्लेबी, म्हणजे फुटाणे. देनिझ्लीकडचे फुटाणे त्या देशात नावाजलेले आहेत. माझ्या बॅगेत अम्मानं दिलेली शेंगा चटणी होती, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. मी ती दह्यात कालवून दिली. तेयझेंनी चाखली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "एलिने साऽलक." तुझ्या हातांना आरोग्य लाभो. मी सांगितलं, ही माझ्या आईनं केली आहे. तर म्हणाल्या, मग तिच्या हातांना. मी त्याच वेळी सोलापूरला फोन लावला आणि ते शब्द अम्माच्या कानावर घातले. तिनं तेलुगूत विचारलं, "खूप तिखट तर झाली नाही ना?"

दुपारी गल्लीत बायका दारात बसून पेश्तेमालचे गोंडे वळायच्या. पेश्तेमाल म्हणजे हमामात गुंडाळायचं पातळ सुती वस्त्र, आता समुद्रकिनाऱ्यावर पर्यटक वापरतात. मागावरून उतरलं की टोकाच्या तारा मोकळ्या असतात, त्या हातानं पिळून गाठ मारायची. मांडीवर कापड, बोटं चालू, गप्पा चालू. मला सोलापूरच्या विडी घरकुल वस्तीतल्या बायका आठवल्या. मांडीवर सूप, त्यात तेंदूचं पान आणि तंबाखू, आणि हजार विड्यांवर मजुरी. मी विचारलं, नगावर मिळतात का पैसे? एकीनं मान हलवली. पुरतात का? तिनं हात आडवा हलवला. जगाच्या कुठल्याही बाजूला दारात बसून बाईनं केलेलं काम सगळ्यात स्वस्तात जातं, याचा मला तिथंही तेवढाच राग आला. बुलदान मला आवडलं म्हणून ही गोष्ट मी गाळणार नाही.

आणि हेही की माग कमी होत चालले आहेत. उस्तांच्या गल्लीत पूर्वी घराघरांत माग होता, आता आवाज दोन-तीन घरांतूनच येतो. त्यांचा मुलगा देनिझ्लीला ट्रक चालवतो. पोराला का नाही शिकवलं, असं मी विचारलं नाही. नानांनी आम्हाला का नाही बसवलं ते मला माहीत होतं.

एक दिवस आम्ही खाली येनिजेकेंटला त्रिपोलिसचे अवशेष बघायला गेलो. मेंदेरेसच्या काठावरचं प्राचीन शहर, रुंद फरसबंद रस्ता, पडके खांब, आणि आमच्याशिवाय कुणीच नाही. या सगळ्या खोऱ्यात कापडाचा धंदा दोन हजार वर्षांपासूनचा आहे. देनिझ्लीजवळच्या लाओदिकेयाच्या काळ्याभोर लोकरीचं कौतुक स्त्राबो या प्राचीन ग्रीक भूगोलकारानं लिहून ठेवलंय. इ.स. ३०१ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशननं मालाच्या किमती ठरवून देणारा हुकूम काढला, त्यात लाओदिकेयाच्या कापडाचं नाव आहे. पामुक्कालेच्या वर हिएरापोलिस आहे, तिथल्या शिलालेखांत लोकर धुणाऱ्यांच्या आणि जांभळा रंग देणाऱ्यांच्या संघांचे उल्लेख आहेत. रंगाऱ्यांचं नाव दगडावर कोरलेलं टिकलं! आमच्या सोलापुरातली 'जुनी मिल' ही कापडगिरणी १८७७ ला सुरू झाली. तिच्यात किती हजार हात राबले असतील, त्यांतल्या एकाचंही नाव दगडावर नाही. मी त्या पडक्या रस्त्यावर बसून नानांचं नाव वाळूत बोटानं लिहिलं. नवरा काही बोलला नाही, फक्त पाण्याची बाटली पुढं केली.

निघायच्या दिवशी उस्तांनी मला दोन मीटर कापड दिलं, न धुतलेलं, मागावरून उतरलं तसं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, बाबांना दे, पाण्यात त्यांनाच टाकू दे. वर एक जुना लाकडी धोटा, टोकांचं लोखंड झिजलेलं. त्याला ते मेकिक म्हणतात. तेयझेंनी मिनीबस सुटल्यावर मागं पाणी ओतलं. पाण्यासारखं सरळ जा आणि पाण्यासारखं परत ये, असा त्याचा अर्थ.

नाना आता शहात्तर वर्षांचे आहेत. २०११ साली त्यांनी चारही माग विकले, भंगारात, किलोच्या भावानं. टेम्पोत चढवताना ते घरात आतल्या खोलीत बसून होते. त्या दिवसानंतर त्यांनी मागाबद्दल स्वतःहून कधी बोलणं काढलं नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला की दर्शन घ्यायचं आणि घरी यायचं, एवढंच.

मी कापड त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी अंगठा आणि बोटात धरलं, चोळलं, एक तार ओढून काढली, जिभेवर ओली केली आणि ती बोटावर आपोआप वेटोळं घालायला लागली. नाना ताठ बसले. "बादली आण," म्हणाले. अंगणात बादलीत पाणी भरलं, त्यांनी स्वतः कापड सोडलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. माझी भाची ओरडली, "आजोबा, लहान होतंय!" रुंदी डोळ्यांदेखत गोळा होत गेली. पिळून त्यांनी दोरीवर टाकलं, खाली खुर्ची घेऊन बसले, आणि वाळल्यावर गालाला लावून बघितलं. "मंचिगुंदि," म्हणाले. छान आहे. मग लगेच, "त्याला विचार, इंचाला पीळ किती देतो?"

विचारलं. उत्तरात उस्तांनी थेट व्हिडिओ कॉलच लावला. दोन म्हातारी माणसं एकमेकांकडं बघत राहिली, एक तेलुगूत बोलतंय, दुसरं तुर्कीत, मी मध्ये फोनवर शब्द शोधतेय. शेवटी नाना मराठीत मला म्हणाले, "ते काय म्हणायचं असतं तिथं, कामावरच्या माणसाला?" मी सांगितलं. त्यांनी ते सावकाश, एकेक अक्षर धरून म्हटलं, "कोलाय गेल्सिन."

उस्तांनी छातीवर हात ठेवला. मग फोन खिडकीच्या कठड्यावर उभा करून ठेवला आणि वळून माग सुरू केला. नानांनी फोनचा आवाज पूर्ण वाढवला. कुणीच बोलत नव्हतं. पाच मिनिटं झाली असतील. अम्मा स्वयंपाकघरातून पिठाचे हात तसेच घेऊन धावत बाहेर आली आणि खालच्या खोलीच्या बंद दाराकडं बघत म्हणाली, "कुणी चालू केला?"